दाजूभाऊंची दोन मतं

दाजूभाऊंच्या भट्टीवर कोणी हरत नसे.

मेहकरच्या बसस्थानकाजवळ अण्णांची खानावळ होती. तिथे दाजूभाऊ मुख्य आचारी आणि मी त्यांच्या हाताखाली. दुपारची गिऱ्हाइकं आटोपली की आम्हा कामगारांचं जेवण होई, आणि आज आपल्यासाठी काय शिजवायचं यावर रोज वाद. वाढपी म्हणायचे भाकर-ठेचा, भांडी घासणाऱ्या बाया म्हणायच्या खिचडी, कोणी म्हणायचं कढी. दुसरा आचारी असता तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चाललं असतं. दाजूभाऊ पळी उचलत, सगळ्यांना हात वर करायला लावत आणि मग सगळंच करत. ज्याचे हात जास्त त्याचं मोठ्या पातेल्यात, ज्याचे कमी त्याचं लहानात, आणि एखाद्याचा एकट्याचाच हात असला तर त्याच्यापुरतं वाटीभर. वाढपी कुरकुरत, अहो आमी जास्त हावो ना, मंग आमचंच करा. त्यावर दाजूभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "हारला त्याला बी पोट हाये. जेवढे हात, तेवढा भात." त्या दिवशी भात नसला तरी ते असंच म्हणत.

त्यांचं खरं नाव दाजूभाऊ नव्हतं. नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ. ते खानावळीत आले तेव्हा सोबतच्या एका नेपाळी पोराने त्यांना दाजू म्हणून हाक मारली, मेहकरकरांना वाटलं हेच नाव, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे मान द्यायला त्याला भाऊ जोडून टाकलं. म्हणजे सगळं गाव त्यांना भाऊभाऊ म्हणत होतं. ते पोरगं पुढे पुण्याकडे गेलं, नाव मागे राहिलं. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्ही कोणाला सांगितलं कसं नाही. ते म्हणाले, गावोगावी आम्हाला बहादूरच म्हणतात, इथे दोनदा भाऊ म्हणतात, मग तक्रार काय करायची?

वऱ्हाडी ते आमच्यासारखीच बोलत, फक्त बाई आणि पुरुष यांचा मेळ त्यांना कधी जमला नाही. वरण झाली, बट्टी झाला, वांगा शिजली. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण त्यांची वरण-बट्टी खाल्लेला माणूस हसायचा नाही. लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारायचे, आचारी कुठला, मोताळ्याकडचा का चिखलीकडचा? अण्णा मिशीत हसून सांगायचे, थोडा वरतून हाये.

मी धामणगाव बढ्याचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मेहकरला आलो तेव्हा मला भाकरीसुद्धा थापता येत नव्हती, आणि भीती मात्र सगळ्या गोष्टींची होती. गॅसची कळ बंद केली का, हे मी तीनतीनदा पाहायचो. जेवणाच्या वेळी हात वर करायचो नाही. आपल्याला काय आवडतं हे चारचौघांत सांगायचं म्हणजे संकटच. पहिल्या आठवड्यात दाजूभाऊंनी हात मोजले, थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक हात कमी हाये. भाई, तुले काय पायजे?" मी म्हटलं, काहीही चालते. ते म्हणाले, काहीही नावाचा पदार्थ मले येत नाही. सगळे थांबले होते. शेवटी मी कढी म्हणालो, आणि मला वाटीभर कढी मिळाली. नेपाळीत धाकट्या भावाला भाई म्हणतात. माझ्यासारख्या भित्र्याला भाई म्हणून हाक मारणारा जगात तो एकच माणूस निघाला, आणि वाढप्यांना त्यावरून पुढे वर्षभर हसायला मिळालं. आज मी घरापासून फार लांब, समुद्रापलीकडे, कामगारांच्या एका मोठ्या मेसमध्ये स्वयंपाक करतो. चार माणसांत उभं राहून मला हे हवं असं म्हणता येतं, ते त्या कढीपासून.

दाजूभाऊंच्या देशात, नेपाळात, निवडणूक लागल्याची बातमी आली तेव्हा दिवाळी व्हायची होती. त्या दिवशी भाजी चिरताचिरता त्यांनी सहज सांगितलं की आमच्याकडे माणशी दोन मतं असतात. झालं. वाढप्यांनी त्यांना धरलंच. दोन काऊन? एक दिवसाचं न एक रातचं का? आमाले तं एकच हाये, ते बी भाऊबंद सांगतात तिकडे जाते. कोणी म्हणालं, दाजूभाऊ, एक इकडे पाठवा, वापरून वापस देतो.

दाजूभाऊ हसले, आणि दोन कांदे समोर मांडून समजावून सांगू लागले. पहिला कागद माणसाचा. आपल्या भागातून उभे असलेल्यांपैकी एकाला मत द्यायचं, ज्याला जास्त तो जिंकला, बाकीचे घरी. हे तुमच्यासारखंच. दुसऱ्या कागदावर माणूसच नाही, नुसती पक्षांची चिन्हं. त्यातल्या एकावर शिक्का मारायचा. मग देशभरातली ती सगळी मतं एकत्र मोजतात, आणि ज्या पक्षाला जेवढा वाटा, तेवढ्या त्याच्या खुर्च्या. याला ते समानुपातिक म्हणत. आमच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. आम्ही त्याला भाताचं मत म्हणू लागलो, आणि त्यांना ते नाव आवडलं.

त्या भाताच्या मतासाठी त्यांचा जीव अडकला होता, हे मला मागाहून कळलं. त्यांच्या वस्तीची माणसं थोडी, तीही डोंगरात विखुरलेली. एका जागी जमून कोणाला निवडून आणणं त्यांना कधी जमायचं नाही. पहिल्या कागदावर त्यांच्या भागात ठरावीक दोन घरांतलाच कोणीतरी यायचा. पण ठिकठिकाणची मूठ मूठ एका पोत्यात पडली तर पोतं दिसतं, असं ते म्हणत. आणि ती मूठ त्यांनी स्वतः कधी टाकलीच नव्हती. मिसरूड फुटायच्या आत ते या देशात आले, आता कानामागचे केस पांढरे झाले होते. यादीत नाव होतं, पण मतदानाला ते दर वेळी कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी कढईसमोर. बाहेर राहणाऱ्यांना बाहेरून मत देता येत नाही. जायचं तर अंगाने जायचं. या खेपेला जायचंच, असं त्यांनी मला भांडी घासायच्या मोरीपाशी हळूच सांगितलं. मी बरं म्हणालो, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. गेलेला माणूस परत येईल की नाही, हीच मला चिंता.

अडचण अशी की मतदान पडलं तुळशीच्या लग्नानंतर. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नसराई उघडते, आणि अण्णांची खरी कमाई त्याच दिवसांत. दाजूभाऊंनी सुट्टी मागितली तेव्हा अण्णा गल्ल्यावर बसले होते. एका मतासाठी माणूस इतक्या दूर जातो हे त्यांना पटेना. दाजूभाऊ म्हणाले, दोन. अण्णा म्हणाले, दोन असो का दहा, बट्टी काय मत देणार हाये का? भट्टी सोडली तर वापस यायची गरज नाही, असं सांगून त्यांनी विषय संपवला. दाजूभाऊ वळून भट्टीकडे गेले. पण त्या दिवसापासून त्यांनी सुट्टीची बोलणी सोडली आणि मतदानाची तयारी सुरू केली, जणू सुट्टी मिळालीच आहे.

तयारी कसली, तर शिक्का मारायची. त्यांच्याकडे मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का मारतात. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला तर मत बाद. शाई ओली असताना कागद चुकीचा दुमडला आणि छाप दुसरीकडे उमटला, तरी मोजताना भांडण. गावाकडून त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं होतं की मागच्या खेपेला वस्तीतली किती तरी मतं अशीच वाया गेली. दाजूभाऊंना त्या वाया जाण्याची धास्ती बसली. त्यांनी एक मोठा बटाटा घेतला, अर्धा कापला आणि त्यावर सुरीच्या टोकाने स्वस्तिक कोरलं. हात इतका सुबक की सोनाराने केल्यासारखं. बिटाचा रस वाटीत काढला, जुन्या वर्तमानपत्रावर चौकोन आखले, आणि दुपारी काम आटोपलं की ते मागच्या अंगणात बसून शिक्के मारत. मग कागद दुमडायचा, उलगडायचा, कुठे डाग पडला का पाहायचं. मी समोर बसून कागद धरायचो. वाळायला ते कागद डाळीच्या पोत्यांवर पसरलेले असत.

आम्हा दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात एक गोष्ट आली नाही. बटाट्यावर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं.

सराईची पहिली भट्टी पेटवायच्या आधी तिची पूजा करायची, ही अण्णांच्या घरची रीत. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, हळदकुंकू, नारळ घेऊन मागच्या दाराने आल्या. पाहतात तर डाळीच्या सगळ्या पोत्यांवर लालभडक उलटी स्वस्तिकं. हे कोनं केलं, असं त्यांनी एकदाच विचारलं, आणि भट्टी पेटवायची नाही म्हणून बजावलं. कोणीतरी आपल्या धंद्यावर करणी केली, समोरच्या खानावळीवाल्याचंच काम, असा त्यांनी निकालही देऊन टाकला. बाया मोरीवरून उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. अण्णा धावत आले. बिटाने लाल झालेले हात दाजूभाऊंना लपवता येईनात.

"मतदान शिकून राह्यलो, मालक," ते म्हणाले.

"बटाट्यावर?"

मग सगळं सांगावंच लागलं. शिक्का, रेघा, घडी, बाद होणं, दोन कागद. काकूंनी कागद हातात घेऊन पाहिला, मग बटाटा पाहिला, आणि सगळ्यांत आधी त्यांनाच उलगडा झाला. त्या खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अरे बाबा, ठशात उलटं कोरलं तर सुलटं येते, दिवाळीत दारात छापे मारतो ते काय उगाच? असं म्हणून त्यांनी दुसरा बटाटा मागितला आणि कसं कोरायचं ते कुंकवाने त्याच्यावर काढून दिलं. उलट्या स्वस्तिकांचे कागद मात्र त्यांनी स्वतः गोळा केले, पाण्यात बुडवले आणि वर चिमूटभर मीठ टाकलं. करणी नसली तरी खबरदारी.

अण्णा हसले नव्हते. ते वेगळ्याच विचारात पडले होते. अण्णांची एक दुखरी जागा होती, ती साऱ्या मेहकरला ठाऊक. काही वर्षांपूर्वी ते नगरपरिषदेला कपबशी या चिन्हावर उभे राहिले आणि थोडक्यात पडले. तेव्हापासून त्यांच्या खानावळीत चहा फक्त काचेच्या ग्लासात मिळे. गावातली टवाळ मंडळी मुद्दाम येऊन विचारत, अण्णा, कपबशीत नाही का मिळणार? अण्णा पोत्यावर टेकले आणि त्यांनी दाजूभाऊंना विचारलं की त्या दुसऱ्या कागदात हारलेल्याची मतंसुद्धा मोजतात का?

दाजूभाऊ म्हणाले, मोजतात. सगळी.

"मंग माह्यी मतं कुठं गेली असती?"

हे विचारताना अण्णांचा आवाज एकदम लहान झाला होता. त्यांच्या तोंडून त्या निवडणुकीबद्दल इतकं सरळ कोणी कधी ऐकलं नव्हतं. दाजूभाऊंनी थोडा विचार केला. खोटं बोलून मालकाला खूश करणं सोपं होतं, सुट्टी तिथेच मिळाली असती. पण ते म्हणाले की त्यालाही एक चाळणी असते. शंभरात तीन तरी मतं पक्षाला पाहिजेत, त्याच्या खाली राहिलं तर भाताच्या मतातही काही मिळत नाही. "चाळणीवर राह्यलं तर दाणा, मालक. खाली गेलं तर कोंडा. पन कोंडा बी आधी चाळून पाह्यतात. तसाच फेकत नाही."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, मी चाळणीवर राह्यलो असतो. काकू म्हणाल्या, हाव, राह्यले असते. त्यांनी हे इतक्या सरळपणे म्हटलं की अण्णांना दुसरीकडे पाहावं लागलं. नंतर ते उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, जा, टाकून या तुमची मतं. पन मांगं भट्टी कोन पाह्यते?

वाढपी एकमेकांकडे पाहू लागले. सराईची पहिली मोठी ऑर्डर लोणारच्या एका लग्नाची होती, आणि एवढ्या माणसांची वरण-बट्टी दाजूभाऊंशिवाय कोणी केली नव्हती. दाजूभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी पाहिलं असतं तर मी मान खाली घातली असती. ते मुद्दाम बटाट्याकडे पाहत राहिले. माझा हात वर गेला. अण्णा म्हणाले, हा? काकू म्हणाल्या, हा. आणि पूजेचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं.

जाण्याच्या दिवशी मी दाजूभाऊंना बसवर सोडायला गेलो. मेहकरहून भुसावळ, तिथून गोरखपूरची गाडी, मग सरहद्द, मग पुन्हा दोन बसगाड्या आणि शेवटी पायवाट, असा त्यांचा रस्ता. काकूंनी करंज्यांचा डबा दिला होता. मी त्यांना विचारणार होतो की कधी येणार, पण आधी डाळीचं प्रमाण विचारलं, मग बट्टीच्या निखाऱ्याचं, मग पुन्हा डाळीचं. त्यांनी तिन्ही वेळा शांतपणे सांगितलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "भाई, घाबरणारा आचारी मीठ चाखून टाकतो. न घाबरणारा न चाखता टाकतो. तू घाबरतच राह्य." माझ्या भीतीबद्दल चांगलं बोललेला तो पहिलाच माणूस.

मतदानाच्या दिवशी मी लोणारला होतो, त्याच लग्नात. पहाटेपासून बट्ट्या भाजत होत्या, पंधरा वेळा तरी मी वरण चाखलं असेल. पहिली पंगत उठली, कोणी काही वाईट बोललं नाही, आणि एका म्हाताऱ्या पाहुण्याने वरण दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा माझे पाय थोडे जमिनीला लागले. तेवढ्यात फोन वाजला. मंडपात वाजंत्री चालू होती, म्हणून मी पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभा राहिलो.

दाजूभाऊंनी आधी मिठाचं विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्यांदा मागून राह्यले. ते हं म्हणाले, आणि त्या हं मध्ये सगळी शाबासकी होती. मग मी त्यांचं विचारलं. मतदानाच्या दिवशी तिकडे गाड्या बंद असतात, तर सगळी वस्ती उजाडायच्या आधी निघून पायीच शाळेपर्यंत गेली होती. आत गेल्यावर त्यांनी इतकी घाई केली की पहिल्या कागदावरचा शिक्का नेमका रेघेवर पडला. ते मत गेलं. मी हळहळलो, तर ते म्हणाले, जाऊ दे, तो माणूस असा बी येणारच होता. दुसऱ्या कागदाला मात्र त्यांनी घाई केली नाही. शिक्का मधोमध मारला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. बाहेरून मतदान केंद्राचा साहेब ओरडला, आत झोपला काय रे? ते आतून म्हणाले, हजुर, भात वाफेवर आहे. साहेबाला काही कळलं नाही. सांगताना ते इतके हसत होते की मला टँकरला टेकावं लागलं. कोणत्या चिन्हावर मारला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, तिथे बायांची रांग वेगळी आणि माणसांची वेगळी, पण दोन्ही रांगा शेजारी शेजारी. त्यांची बायको बायांच्या रांगेत, ते माणसांच्या, आणि दोन्ही रांगा सारख्याच सरकत होत्या. सकाळचं ऊन येईस्तोवर ते दोघं एकमेकांशेजारी उभे होते. काही काम नाही, कुठे पळायचं नाही, गाडी पकडायची नाही. तिने घरातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, म्हशीच्या, सुनेच्या, पडलेल्या भिंतीच्या. त्यांनी तिला भट्टीच्या सांगितल्या. माझ्यासुद्धा.

"भाई, एवढा वेळ आम्ही दोघं कधी उभी नाही राह्यलो," ते म्हणाले. "लग्नात बी नाही. रांग संपली तं वाईट वाटली."

मला कळलं होतं. त्यांनाही कळलं असावं की मला कळलं आहे, कारण त्यांनी परतीच्या तिकिटाबद्दल काही सांगायला सुरुवात केली आणि ते वाक्य अर्ध्यावर सोडलं. अण्णांना काय सांगायचं, सराईचं कसं होईल, असं काहीबाही ते बोलू लागले. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला. बाईचा आवाज आला, थोडा दमलेला, पण ठाम. तिने मला भाई म्हटलं आणि एकच वाक्य बोलली. शब्द नेपाळी होते. पठाउँदिनँ असा काहीसा शेवटचा शब्द होता. त्यातलं पाठवणं मला समजलं, आणि 'नाही' हे तर तिच्या आवाजातच होतं.

मंडपातून अण्णा मला हाका मारत होते. दुसरी पंगत बसली होती. वरण उतरवायचं होतं, बट्ट्या तुपात बुडवायच्या होत्या, आणि आता हे सगळं कायमचं माझ्याच अंगावर येणार होतं.

"नका पाठवू, वहिनी," मी म्हटलं.

तिला मराठी येत नव्हती. पण ती हसल्याचं मला ऐकू आलं. मी फोन खिशात टाकला आणि वरण चाखायला गेलो.